ओका नदीकाठचा दांडिया बाजार

सोमवारी सकाळी बिपिनभाईंनी नकाशा उघडला
आणि चहा बशीतच राहिला.
"बेन, आपण रशियात क्यारथी मशीन वेचायला लागलो?"

खरंच होतं.
कानाच्या मशीनच्या एकशे सतरा तक्रारी,
प्रत्येकीचा एक निळा ठिपका,
आणि जवळजवळ सगळेच मॉस्कोच्या खाली, रियाझान नावाच्या गावात,
ओका नदीच्या वळणावर
शेंगदाणे सांडावेत तसे.

३९०००१ म्हणजे रावपुरा, मांडवी, दांडिया बाजार,
हे मला माहीत, टपालवाल्याला माहीत,
सेव-उसळच्या गाडीवरच्या पोरालाही माहीत.
नकाशाला कोणी सांगितलंच नव्हतं.
त्याने सहा आकडे वाचले,
ते जिथे आधी सापडले तिथे माणसं उतरवली
आणि मोकळा झाला.
चूक माझीच. देशाचा रकाना मीच गाळला होता.
म्हटलं, बडोद्याच्या यादीत देश काय लिहायचा!

दुरुस्तीला पाच मिनिटं पुरली असती.
मी अर्धा तास लावला.
कारण शिर्के मास्तर बर्फात उभे होते, अर्ध्या बाह्यांच्या सदऱ्यात,
कानामागचं बटण फिरवत, हॅलो, हॅलो.
आणि घोरपडे काकू एका रशियन बाईला विचारत होत्या,
न्यायमंदिराकडे जायला रिक्षा कुठे मिळेल?
ती काहीतरी सांगत होती.
काकू म्हणत होत्या, जरा मोठ्याने.
दोघींनाही वाटत होतं, दोष मशीनचा आहे.

मग नवा रकाना केला:
पिनकोड, स्वल्पविराम, गुजरात, स्वल्पविराम, भारत.
नकाशाला बजावलं, हा नुसता आकडा नाही, टपालाचा पत्ता आहे.
ठिपके निघाले.
ना व्हिसा, ना जकात,
विश्वामित्रीच्या दोन्ही अंगांना
आपापल्या वस्तीत जाऊन बसले.

एकशे सोळा.

एक मध्य प्रदेशातल्या रानात होता.
पत्ता कळला नाही की हा नकाशा
माणसाला देशाच्या मधोमध नेऊन ठेवतो,
हरवलेलं पोर स्टेशनमास्तरच्या टेबलावर बसवावं तसं.
कालिंदी दिघे, वय एक्क्याऐंशी, डावा कान.
पिनकोड ३९००१.
एक आकडा पडला होता.

कुठला? मधलं शून्य असेल तर रावपुरा.
शेवटचा असेल तर मकरपुरा, मांजलपूर,
गोरवा, आजवा रोड, लावाल ते.
एका आकड्याच्या खाचेत
निम्मं बडोदं मावत होतं.

फोन केला.
"काकू, पिनकोड! पिनकोड!"
"पीठ? नको गं, कालच दळून आणलं."
तक्रार तरी तीच होती.

संध्याकाळी स्कूटर काढली.
रावपुऱ्यातल्या पत्त्यावर कुलूप.
खालचा घड्याळवाला भिंग न काढताच म्हणाला,
"लेकीकडे. मांजलपूर. दिवाळीपासून."

तिसरा मजला, गॅलरीत प्लास्टिकची खुर्ची.
मी कागदावर मोठ्या अक्षरात लिहिलं: कुठला खरा?
त्यांनी चष्मा लावला, पुष्कळ वेळ लावला.
"जुना लिहायला घेतला होता," म्हणाल्या,
"अर्ध्यात ही म्हणाली, आई, आता इथला लिही.
मग तसाच ठेवला."

आतून लेकीने आकडा ओरडून सांगितला.
३९००११. मी लिहून घेतला.
काकूंना तो ऐकू गेला नाही, किंवा गेला.
"मशीनची घाई नाही," त्या म्हणाल्या,
"इथे टीव्ही फार मोठ्याने असतो."

मंगळवारी रानातला ठिपका मांजलपुरात आला.
बिपिनभाईंनी नकाशा लहान केला, मोठा केला,
रशियात एकदा डोकावून पाहिलं.
"हवे कोई बहार नथी ने?"

कोणी नाही, मी म्हटलं.